दहाचा पाना

बहात्तरास एक.
म्हणजे अख्खं मिग-एकवीस माझ्या वितीत मावतं
आणि तेव्हाचा मी, चोवीस वर्षांचा,
करंगळीच्या पेराएवढा.

टेबलावर पेपर पसरलाय.
आइरी असती तर म्हणाली असती, आजचा नको, कालचा घे.
कालचाच घेतलाय.
दुपारचे तीन, बाहेर अंधार,
कल्लावेसीचं पाणी रस्त्याइतकं टणक.

गेल्या वर्षी प्रदर्शनाहून परतताना
बसने गचका खाल्ला, खोकं मांडीवरून घसरलं.
एक चाक निखळलं, नाकापुढची लांब नळी मोडली.
चाक बसवलं.
नळीच्या जागी आता माझी इन्सुलिनची सुई,
धुऊन, कापून.
इतकी सरळ वस्तू घरात दुसरी नाही.
हात थरथरतात, म्हणून श्वास पुरता सोडायचा
आणि पुढचा घेण्याआधी
जी रिकामी जागा असते, तिथे चिकटवायचं.

डाव्या कुशीवरचा एक पत्रा मुद्दाम मळकट ठेवलाय.
सीलिन्यार्वीच्या शाळेत परीक्षकाने, पोरगाच तो,
टॉर्च मारून लिहिलं: चंदेरी रंग जुळत नाही.
दोन गुण वजा.
बरोबर आहे त्याचं.
जुळत नव्हताच. दुसऱ्या विमानाचा पत्रा होता तो.

रिस्साला, फेब्रुवारी, उणे एकतीस.
हातमोजे काढले तर कातडी धातूला चिकटते,
घातले तर बोटं आंधळी.
लेफ्टनंट पाकारिनेन शिडी चढले,
मी त्यांचे पट्टे आवळले, शिडी काढली, अंगठा वर केला.
विमान ढगात शिरल्यावर
हत्यारांची पेटी मिटायला वाकलो.
आठचा, नऊचा, अकराचा.
दहाच्या खाचेत
नुसता दहाचा आकार.

टॉवरशी बोलायचा फोन
वीस पावलांवर होता.

डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात.
माझ्या डोळ्यांत सदतीस मिनिटं
फक्त ढगाचा खालचा काठ होता.
बर्फ झाडणाऱ्या माणसाने विचारलं, थंडी वाजतेय का.
हो म्हणालो.

मग ते आलं. उतरलं.
पाकारिनेन माझ्या खांद्यावर थाप मारून कॉफीकडे गेले
आणि मी तो पत्रा असा उचकटला
की परत बसेना.
आत, दोन नळ्यांच्या बेचक्यात,
पाना निवांत पडला होता.
त्याच्यापासून चार बोटांवर
सुकाणूचा दांडा.

पाकारिनेन म्हातारे होऊन, बिछान्यातच गेले, परवाच्या शरदात.
अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी वेलचीचे दोन पाव खाल्ले,
त्यांच्या मुलीला म्हणालो, चांगलं उडवायचे.

घरी येऊन हे किट उघडलं.
तांब्याची तार ठोकून, कानस मारून
कणीएवढा पाना केला,
दोन अर्धुकं जोडण्याआधी आत चिकटवला.
मग शिवण बुजवली, घासली, रंगवली.
प्रदर्शनात कॉकपिट उघडं होतं, शिडी लावलेली;
लोक वाकून खुर्चीचे पट्टे बघत होते.

आज किएलो आली. सहा वर्षांची.
नको म्हणायच्या आत तिने विमान उचललं,
कानाशी नेलं, हलवलं.
आजोबा, आत काहीतरी खुळखुळतंय.

दे इकडे.
मीही कानाशी धरलं.
बसच्या गचक्यात तोही सुटला असणार.
शिवण उसवायला पाच मिनिटं लागतील.
पातं उचललं,
पेपरवर ठेवलं.

काय आहे आत?
दहाचा पाना.
कोणाचा?
माझा.
विसरलास?
हो.

तिने पुन्हा हलवून ऐकलं.
म्हणाली, शनिवारी नेशील तेव्हा सगळ्यांना कळेल.
हळू, म्हणालो,
सुईचा गोंद अजून ओला आहे.